पुदिना की बाळंतशेपा

माझा कॅमेरा कुणी चोरून नेऊ शकत नाही, कारण तो नाहीच. वीसेक वर्षं मी जो कॅमेरा चालवला त्याला भिंग नाही, पट्टा नाही, वजन नाही. तो संगणकाच्या आत कुठल्यातरी पोकळीत तरंगतो आहे असं मानायचं. त्याच्यापुढं एखाद्या औषधाचा, प्रथिनाचा नाहीतर साध्या साखरेचा रेणू टांगलेला आहे, असंही मानायचं. मग त्या नसलेल्या कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा रे, आता हळूच डावीकडून ये, जरा वर चढ, इथं थांब, लोकांना बघू दे, आणि मग जवळ जा. रेणूतले अणू कुठं कुठं बसलेत याची यादी शास्त्रज्ञांकडून तयार मिळते. त्यांच्याकडे बघायचं कसं, एवढंच मी ठरवते.

महाडात हे कुणाला समजावून सांगणं म्हणजे दिव्यच. गावाबाहेरच्या कारखान्यांत इतकी रसायनं बनतात की रेणू हा शब्द इथं नवा नाही, पण घरात बसून त्याच्याभोवती फिरणारी बाई नवी होती. शेजारच्या काकू विचारायच्या, "तू कार्टून करतेस ना गो?" मी हो म्हणायची. पुण्यात शैक्षणिक फिल्म करणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काढून मी इकडं परत आले, तेव्हा संगणक खालच्या खोलीत मांडला होता. तो एका पुरात गेला. तेव्हापासून माझं काम माडीवर चालतं. समोर खिडकी आहे आणि खिडकीत पोलादपूरच्या बाजूचे डोंगर आहेत.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. आम्ही कॅमेऱ्याच्या वाटेवर खुंट्या ठोकतो. पहिल्या खुंटीला कॅमेरा अमुक जागी, अमुक दिशेला तोंड करून. चार सेकंदांनी दुसऱ्या खुंटीला तमुक जागी. मधली सगळी चित्रं संगणक आपली आपण भरतो, आणि घोळ होतो तो तिथंच. अगदी सुरुवातीला एका प्राध्यापकांसाठी मी प्रथिनाची फिल्म केली. एक खुंटी रेणूच्या समोर, दुसरी बरोबर पाठीमागं. मला वाटलं, कॅमेरा वळसा घालून जाईल. तो सरळ गेला, रेणूच्या पोटातून. पडद्यावर सगळे अणू अंगावर धावून आले, क्षणभर सगळं हिरवं झालं आणि आम्ही पलीकडे निघालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "वा, हे कसं सुचलं तुम्हाला?" मी म्हटलं, सुचलं. ती फिल्म ते अजून दाखवतात असं ऐकते.

दुसरे एक गृहस्थ औषध कंपनीचे. त्यांचं म्हणणं, "मॅडम, थोडा थ्रिल पाहिजे. कॅमेरा एकदम सुसाट आत घुसला पाहिजे." गिऱ्हाइकाचं ऐकायचं असतं, म्हणून मी घुसवला. ती फिल्म डॉक्टरांच्या एका मेळाव्यात दुपारच्या जेवणानंतर दाखवली गेली, आणि जेवणात पुरणपोळी होती. संध्याकाळी त्यांचा फोन आला की दोन डॉक्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. मी काळजीच्या सुरात चौकशी केली आणि फोन ठेवल्यावर पोटभर हसले. पण त्यातून शिकलेही. आमच्या पोलादपूर गाडीवर तेव्हा एक चालक होते. त्यांची एसटी थांब्यावरून कधी निघाली ते कळायचंच नाही. हातातल्या बाटलीतलं पाणी हलायचं नाही आणि बाहेरची दुकानं मात्र मागं सरकू लागलेली असायची. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून नुसती ती सुरुवात बघायची. कॅमेरा असा निघावा आणि असाच थांबावा, हे मी कुठल्या पुस्तकात नाही, त्या गाडीत शिकले.

या कामाची एक गुंगी असते. दिवसभर एखाद्या रेणूभोवती फिरून डोळे वर केले की खिडकीतला डोंगरही आता वळेल असं वाटतं. दुपारी जेवून आडवं झालं, डोळा लागला, की मी कशाच्या तरी भोवती सावकाश तरंगत असते. कधी ते साखरेच्या रेणूचं कडं असतं, कधी आमचीच गल्ली असते, वरून पाहिलेली, कौलं आणि पत्रे आणि वाळत घातलेल्या चादरी, आणि कुठंही आवाज नसतो. घरातले म्हणायचे, हिचं लक्ष नसतं. लक्ष असायचं, फक्त ते थोडं वरून आणि थोडं डावीकडून असायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला, आणि तीच लांबवत होते.

पडदा सपाट असतो. त्यावर मागचं कुठलं आणि पुढचं कुठलं हे कळायला काही खुणा लागतात. एक म्हणजे जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान. दुसरी, पुढची वस्तू मागचीला झाकते. तिसरी म्हणजे धुकं. सकाळी महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याच्या कुंडांवर वाफ धरलेली असते, तेव्हा जवळचा माणूस स्वच्छ दिसतो आणि पलीकडचा फिका. तसंच धुकं आम्ही रेणूच्या मागच्या भागावर घालतो. आणि या सगळ्यांबरोबर चाल. गाडीतून बघताना रस्त्याकडेची झाडं पळतात आणि डोंगर जागचा हलत नाही, तेवढ्यावरून डोंगर लांब आहे हे पोरांनाही कळतं. हे सगळं मला पाठ होतं. पुण्यातल्या कंपनीत नव्या मुलांना मी ते शिकवतही असे.

वर्षा उतेकर माझ्याकडे आली ती पाऊस ओसरताना. पोलादपूरजवळच्या कापडे गावची, शेतकऱ्याची मुलगी, तिशीला आलेली. पोलादपूरकडच्या एका कॉलेजात (नाव घेत नाही) ती सहा वर्षं तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होती. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच आपले, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. त्या वर्षी तिथं कायमची जागा भरायची होती. उमेदवारांनी निवड समितीपुढं खऱ्या वर्गावर एक पाठ घ्यायचा होता. वडील नव्हते, घरी आई आणि भातशेती. ती जागा मिळाली तर सगळ्याला एकदाचं टेकण मिळणार होतं.

तिनं खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं. "मॅडम, माझ्या उजव्या डोळ्यानं दिसत नाही. लहानपणी झोडणीच्या वेळी भाताचं कुसळ उडून गेलं, डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला. आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला चोरून बघायला नको."

मी ओशाळले, कारण मी चोरून बघतच होते.

मग तिनं पिशवीतून दोन पुड्या काढल्या. एकीत पुदिन्याची पानं होती, दुसरीत बाळंतशेपा. "वास घ्या," म्हणाली. मी घेतला. एक हिरवा, थंड. दुसरा आमच्या बाळंतिणीच्या खोलीतला. "दोन्हीत मुख्य वास एकाच रेणूचा हाय," ती म्हणाली, आणि 'हाय' निसटल्यावर जरा हसली. "कार्व्होन. तेच अणू, तेवढेच, तसेच जोडलेले. फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, डाव्या-उजव्या हातासारखी. पोरांना फळ्यावर हे कधीच कळत नाही. पुड्या फिरवीन, वास देईन, आणि मग पडद्यावर रेणू फिरताना दाखवायचाय. हा पुदिना, आणि याच्या उलट तो बाळंतशेपा."

मला ती फार आवडली. असं शिकवणारं मला कुणी मिळालं असतं तर, असंही वाटलं. मी म्हटलं, तुला अशी फिल्म करून देते की समिती बघत राहील.

आणि तिथंच माझा मस्तवालपणा नडला. त्या सुमारास मला रेखीव कामाचा नाद लागला होता. अणूला गोळा आणि जोडाला काडी, अशी गोळ्याकाड्यांची मॉडेलं मला शाळकरी वाटायची. मी कार्व्होन नुसत्या बारीक काळ्या रेषांचा काढला, पांढऱ्या पडद्यावर, जशी एखादी रांगोळी. रेषा इतक्या बारीक की कुणी कुणाला झाकेना. धुकं घातलं तर रेषा मळकट दिसायच्या, म्हणून धुकं काढलं. जवळचं मोठं, लांबचं लहान केलं की आकृती थोडी वेडीवाकडी व्हायची, म्हणून कॅमेरा मी इतका दूर नेला की तो फरकच उरला नाही. आमच्या संगणकात तशी सोय असते, कॅमेरा जणू अनंतावर जाऊन बसतो. मग त्याला रेणूभोवती एका संथ चालीत गोल फिरायला लावलं. सुरुवात कळू नये अशी, शेवट कळू नये असा. इतकी देखणी फिल्म मी आजवर केली नव्हती. मी स्वतःच ती कितीतरी वेळा लावून बघत बसले.

वर्षाला दाखवली. तिनं बराच वेळ बघितलं. पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, हा मला कधी या अंगानं फिरतोय असं वाटतं, कधी त्या अंगानं. मागचं पुढचं कळत नाय."

मी म्हटलं, "दोनतीनदा बघ. सवय झाली की कळेल."

"बरं," ती म्हणाली. पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवला आणि पाचची गाडी गाठायची म्हणून निघाली.

पाठाच्या दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज सपाट होता. वासाच्या पुड्यांपर्यंत सगळं छान झालं होतं, पोरं खूश होती, समितीतलेही हुंगून बघत होते. मग फिल्म लावली. तिनं वर्गाला विचारलं, पुढची फांदी कुठल्या बाजूला चाललीय. अर्धा वर्ग म्हणाला उजवीकडे, अर्धा म्हणाला डावीकडे. एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, हा बाळंतशेपा हाय." पलीकडच्या बाकावरून मुली म्हणाल्या, नाय, पुदिनाच. भांडण जुंपलं, हशा झाला. तिनं पडद्याजवळ जाऊन बोटानं दाखवायचा प्रयत्न केला, पण बोट ठेवलं की तिलाच रेणू उलटा फिरताना दिसायला लागायचा. तेव्हा विभागप्रमुख मागच्या बाकावरून अगदी सौम्यपणे म्हणाले, "उतेकर मॅडम, तुम्हाला नीट दिसतंय ना?"

"पोरं गप झाली मॅडम," ती म्हणाली. "हसत होती तेच बरं होतं." आणि ठेवते म्हणून तिनं फोन ठेवला.

मी माडीवर गेले, फिल्म लावली आणि समोर बसले. मला पुदिना दिसत होता. तो दिसणारच होता, मीच तो काढला होता. मग मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. काही फरक पडला नाही. हात काढला, तरी नाही. तशीच बघत राहिले, डोळे सैल सोडून, दुपारी गुंगीत बघावं तशी, आणि कधी कोण जाणे, रेणू आपसूक उलटा फिरू लागला. मागचं पुढं आलं. आता समोर बाळंतशेपा होता. परत पापणी लवली आणि पुदिना. दोन्ही बरोबर होते. मागंपुढं कळायच्या सगळ्या खुणा मी माझ्या हातानं एकेक करून पुसल्या होत्या, आणि नुसती चाल ठेवली होती. नुसती चाल काही सांगत नाही.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, ती जास्त लागली. दोन डोळ्यांचा जो फायदा असतो तो खऱ्या वस्तूपुढं असतो, हातभर अंतरावर. सपाट पडद्यापुढं दोन डोळ्यांच्या माणसाला एका डोळ्याच्या माणसापेक्षा तसूभरही जास्त दिसत नाही. तिथं आपण सगळे सारखेच. वीस वर्षं या धंद्यात काढून हे मला त्या दिवशी उमगलं. वर्षानं जे पाहिलं होतं ते तिच्या डोळ्यात नव्हतं, माझ्या फिल्ममध्ये होतं, आणि तिनं ते मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

एवढं कळल्यावर माणूस काय करेल? लगेच उठून जाईल. मी गेले नाही. चार दिवस मी फिल्म दुरुस्त करत बसले. कॅमेरा जवळ आणला, गोळे-काड्या घातल्या, मागं हलकं धुकं. स्वतःला सांगत राहिले की दुरुस्त केलेली घेऊनच जाऊ. खरं म्हणजे त्या विभागप्रमुखांपुढं उभं राहून माझं चुकलं म्हणायची मला भीती वाटत होती. माझ्या कामात कुणी कधी चूक काढली नव्हती.

पाचव्या दिवशी गेले. विभागप्रमुख आणि समितीतले तिघं शिक्षक त्यांच्या खोलीत चहा घेत होते. मी म्हटलं, दोन मिनिटं द्या. जुनीच फिल्म लावली, चौघांना कागदाचे तुकडे दिले आणि सांगितलं, एकमेकांना न विचारता लिहा, पुढची बाजू डावीकडे चाललीय की उजवीकडे. दोघांनी डावीकडे लिहिलं, एकानं उजवीकडे. विभागप्रमुखांनी डावीकडे लिहिलं, मग खोडलं, उजवीकडे लिहिलं, मग पेन हातात धरून नुसतेच बघत राहिले.

"म्हणजे यात चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," मी म्हटलं. "फिल्मच अशी आहे. यात कुणालाच कळणार नाही."

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. कागद बाजूला सारून म्हणाले, "मी त्यांना सगळ्यांसमोर जे विचारलं ते विचारायला नको होतं." मग थोडं थांबून, "पण हे तुम्ही परवाच का नाही सांगितलंत? काल नेमणुकीचं पत्र गेलं. दुसऱ्या उमेदवाराला."

मी कागदाचे तुकडे गोळा केले. वर्षाचे तास चालू ठेवू, असं त्यांनी सांगितलं आणि शब्द पाळलाही. ती आजही तिथं तासावरच शिकवते.

तिथून मी तशीच रिक्षानं कापड्याला गेले. तिच्या अंगणाशेजारच्या खळ्यात भात झोडत होते. वर्षा पेंढ्या आपटत होती, डोळ्यांवर मोठा साधा चष्मा लावून. तिची आई म्हणाली, "चष्म्याबिगर मी तिला खळ्यात उभी करत नाय. बस गो बाय, च्या ठेवते." हवेत बारीक भुसा तरंगत होता. त्यावर ऊन पडलं होतं आणि सगळं सावकाश खाली येत होतं. मी त्या भुशाकडेच बघत बसले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

ती हात झटकत येऊन जोत्यावर बसली. मी सगळं सांगितलं. कागद, डावं, उजवं, पत्र काल गेलं ते, आणि मी चार दिवस काय करत होते तेही. विभागप्रमुखांच्या खोडाखोडीवर ती जरा हसली. मग मी मोबाइलवर नवी फिल्म लावून दिली. तिनं चष्मा वर केला, फोन तोंडाजवळ धरला आणि एकदाच बघितली.

"आता कळतंय," म्हणाली. "पुदिना."

फोन परत दिला. आई चहा घेऊन आली, कप ठेवून परत खळ्यात गेली. मी म्हटलं, "वर्षा, तू मला आधीच बोलली होतीस."

"हो."

"तेव्हा मी मनात काय म्हटलं, माहीत आहे तुला? मी म्हटलं, हिला एकच डोळा, म्हणून हिला कळत नाही."

ती चहा फुंकत राहिली. एक घोट घेतला.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "म्हणून तर दुसऱ्यांदा बोलले नाय."